टोपड्याचा वास

जगात कुठंच नसलेला वास मी एकदा घेतलाय. थंड पितळेवर ओलं गवत घासावं, तसा काहीसा. मी तसं म्हटल्यावर डॉक्टर नाझनीन मुजावर हसल्या. म्हणाल्या, "काकू, तुम्हाला पितळ आठवलं, दुसऱ्या कुणाला तिसरंच काही आठवेल. हा वास आम्ही यंत्रात तयार केलाय. झाडापानांत, माणसांत, स्वयंपाकघरात, कुठंच नाही तो."

"नाही तेच बरं," मी म्हटलं. "फार काही चांगला नाही."

अजून बोलले असते. पण माझ्या सुनेचा जीव त्याच वासाच्या हवाली करायचा होता, म्हणून जीभ आवरली.

मी शालन चौगुले. जयसिंगपुरात चौगुल्यांचा भडंग कुठं मिळतो, हे विचारावं लागत नाही, नाकानं सापडतो. गावातल्या बाकी सगळ्या भट्ट्या विजेवर गेल्या, माझी एक अजून भुशावर पेटते. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं चुरमुऱ्यांनी शिकवलं. मालक लवकर गेले. भट्टी मी चालवली, मुलगा धैर्यशील मी वाढवला आणि सूनही मीच पसंत केली. स्वरांजलीनं बघण्याच्या कार्यक्रमातच माझा भडंग खाऊन सांगितलं होतं, "मीठ कमी पडलंय." पडलं होतं. तेव्हाच ठरवलं, ही पोरगी आपल्याच घरात पाहिजे. बाहेर राहिली तर गावभर सांगेल.

रेवा झाली आणि सहा महिन्यांची व्हायच्या आत स्वरांजलीच्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ लागली. दूध साकळलं असेल म्हणून तिनं आठवडाभर शेक घेतला, मग एकटीच मिरजेला जाऊन तपासून आली. कॅन्सर. पहिल्या पायरीवरचा. गाठ काढली. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आलात. पण एखादी पेशी रक्तातून निसटून कुठं दडून बसली असेल तर ती पुढं पुन्हा घर करते, म्हणून केमो घ्यायची.

केमो मी बघितली होती. माझ्या थोरल्या जावेला दिलेली. गारपीट असते ती. तण मरतं, पण उभं पीकही झोपतं. मुजावर डॉक्टरांकडं मात्र नवी तऱ्हा आली होती. त्यांनी ती मला समजावून सांगितली, आणि मला समजली, कारण धंदाच आमचा तो आहे.

आमच्या भट्टीवर तेलात लसूण पडला की रस्त्यानं जाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. त्यानं अजून एक दाणा खाल्लेला नसतो. पण पूर्वी खाल्लेलं शरीराला आठवत असतं. वास आला की ते आधीच तयारीला लागतं. डॉक्टर म्हणाल्या, नुसती लाळच नव्हे काकू, रक्तातल्या शिपाई पेशीसुद्धा असं शिकतात. वास नाकातून मेंदूत जातो, मेंदू नसांवाटे प्लीहेला निरोप धाडतो, आणि औषध आत गेल्यावर शरीर जे करतं तेच ते नुसत्या वासावर करायला लागतं. म्हणजे पूर्ण ताकदीचं औषध फक्त चार वेळा द्यायचं. चारही वेळा औषधाबरोबर तो जगात नसलेला वास द्यायचा. पाचव्या वेळेपासून औषध बंद, नुसता वास. रोज सकाळी एक थेंब, तीन वर्षं. दडून बसलेल्या पेशींना शरीर आपणच हुडकून मारतं.

"आणि तोच वास कशाला? मोगऱ्याचा द्या की," मी विचारलं.

"मोगरा बाजारात भेटेल, लग्नात भेटेल. जिथं भेटेल तिथं शरीर औषध घेतल्यासारखं वागेल. म्हणून असा वास पाहिजे, जो दुसरीकडं कधीच येणार नाही."

त्यासाठी नियम कडक. औषधाच्या दिवशी बिनवासाच्या पाण्यानं आंघोळ, दवाखान्याचे कपडे, पोटात काही नाही, खोलीत फूल नाही, भेटायला कुणी नाही. नाकात एक बारीक चिमटा बसवायचे, त्यातून वासाचे थेंब सुटायचे. बायका त्याला नथ म्हणायच्या. मनगटावर पट्टी असायची. ती कातडीतून रक्त बघायची. एरवी हिरवी. औषध अंगात कामाला लागलं की तांबडी.

आणखी एक नियम होता, आणि सगळं घर त्यावरच मोडलं. औषधानंतर बरेच दिवस ते घामातून, श्वासातून बाहेर येत राहतं. तान्ह्या लेकराला तोवर जवळ घ्यायचं नाही. एक फेरी उतरते न उतरते तोच दुसरी यायची. दूध तर पहिल्याच दिवशी तोडलं. स्वरांजली मिरजेतच दवाखान्याच्या खोल्यांवर राहिली, आणि रेवा माझ्याकडं.

रोज फोनवर तिचा चेहरा यायचा. केस गळायची वाट न बघता पहिल्या फेरीआधीच उतरवलेले, डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं.

"आत्ती, आंघोळ घातली?"

"नाही, तशीच मळकी ठेवलीय. तुझी वाट बघत."

"धुरी दिली?"

"तुझ्या नवऱ्याला दिली होती, त्याच्या बापाला माझ्या सासूनं दिली होती, आता तुझ्या पोरीला का सोडीन?"

धुरी म्हणजे निखाऱ्यावर ओवा, वेखंड, लसणाची सालं टाकायची, आणि न्हालेलं लेकरू त्या उबेवर अलगद फिरवायचं. केस सुकतात, सर्दी धरत नाही. डॉक्टर लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. निखारे आमच्या भट्टीतले, आणि लसणाची सालं तर आमच्याकडं पोत्यानं. मग डोक्यावर टोपडं बांधायचं, म्हणजे धूर त्यात कोंडून राहतो. आमच्या घरातलं लेकरू अंधारात वासावरनं ओळखू येतं. माझ्या जुन्या सुती साडीची तीन टोपडी मी हातानं शिवली होती. त्यातलं एक हरवलं म्हणून मी धैर्यशीलला दोन दिवस बोलत होते.

*

चौथी फेरी झाली. रिपोर्ट बघून मुजावर डॉक्टरांनी स्वतः फोन केला, शरीर शिकलं म्हणून. नुसत्या वासावर पट्टी तांबडी होत होती आणि घटकाभरानं पुन्हा हिरवी. धैर्यशील बिनड्रायव्हरच्या बसनं जाऊन तिला घेऊन आला. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. रेवाची आंघोळ, धुरी नुकतीच झालेली. ती उबेनं पेंगत होती.

स्वरांजलीनं चप्पल काढली नाही, पाणी प्यायली नाही. सरळ आली आणि माझ्या हातातून लेकरू घेतलं. टोपडं मागं सारून तिनं तिच्या टाळूला नाक लावलं.

एवढंच केलं तिनं. आधी तोंडावरचं रक्त उतरलं. मग ती भिंतीला टेकली, रेवा माझ्याकडं ढकलली आणि उंबऱ्यातच ओकली. मनगटावरची पट्टी लालभडक.

"प्रवासानं झालं असेल," धैर्यशील म्हणाला.

"मिरज काय लंकेत आहे व्हय रं?" मी म्हटलं. पण मलाही तेच वाटावं असं वाटत होतं.

संध्याकाळी पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशी अंगात ताप, तोंड आतून सोललेलं, जशी ती औषध घेतल्यावर व्हायची. मी धुरी बंद केली. साबण बदलला. तिसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यानं धुतलेली रेवा तिच्या मांडीवर ठेवली. तिनं श्वास रोखून धरला. पण माणूस श्वास किती रोखणार? रेवा तिच्याकडं बघून हसली, हातानं तिची हनुवटी पकडली, आणि हिची पट्टी तांबडी व्हायला लागली.

*

मुजावर डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि काचेच्या बरण्या एकेक करून नाकाखाली धरल्या. कॉफी, हिरवी. साबण, हिरवी. लसूण, जराशी पिवळी. वेखंड, पिवळी. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. मी पिशवीतून रेवाचे कपडे आणले होते, त्यातलं टोपडं त्यांनी बरणीत घातलं. झाकण उघडायच्या आधीच स्वरांजली रडायला लागली.

"उघडू नका," ती म्हणाली. "मला माहितीय."

"काय माहितीय?"

ती माझ्याकडं बघेना. "हरवलेलं टोपडं माझ्याकडं होतं. डोक्याच्या फडक्याखाली. चारही वेळा."

केस नसलेल्या बाईचं डोकं कोण उघडून बघतं? नर्सनं तिला आंघोळ घातली, कपडे दिले, नखांखालून पुसून काढलं. फडक्याला मात्र कुणी हात लावला नाही.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? "एवढी शिकलेली तू," मी म्हटलं, "आणि तुला दुसरं काही सुचलं नाही व्हय? फोटो होता, फोन होता..."

"फोटोला वास नसतो, आत्ती. हातात सुई गेली की मी डोळे मिटायचे. ती मांडीवर असायची. तेवढ्यावर मी चार वेळा त्या खुर्चीत बसले. नाहीतर पहिल्याच वेळी उठून आले असते."

मी रेवाचे बाकीचे कपडे घडी करून पिशवीत परत घालायला लागले.

डॉक्टरांनी मग सगळं सरळ सांगितलं. शरीरानं दोन वास शिकले होते. एक यंत्रातला आणि एक रेवाचा. धुरीचा, आणि धुरीच्या खाली लेकराच्या टाळूचा जो आपला वास असतो तो. रेवा जवळ आली की शरीराला वाटायचं, औषध आलं. सकाळचा थेंब म्हणजे चिमूटभर मीठ. रेवा दिवसभर मांडीवर म्हणजे मिठाचं पोतं. रक्तातल्या पेशी घटणार, हृदयावर ताण येणार.

"मग विसरायला लावा," धैर्यशील म्हणाला. "शिकवलं तसं विसरायला लावा."

"लावता येतं. नुसत्या रोजच्या थेंबानं शिकलेलं जात नाही, पण आठवण सैल करणारं औषध देऊन तोच वास पुनःपुन्हा दिला की शरीर हळूहळू विसरतं. पण दोन्ही वास एकाच वेळी, एकाच गाठीत शिकलेत. एक विसरलं की दुसराही जाणार."

मला समजलं. भडंगात एकदा लसूण मुरला की तो तेवढा वेगळा काढता येत नाही. सगळा घाणाच टाकून द्यावा लागतो.

"आणि मग?" स्वरांजलीनं विचारलं.

"मग जुन्या पद्धतीची केमो. सगळ्या फेऱ्या, पूर्ण ताकदीच्या. तुमचं हृदय चौथ्या फेरीनंतर जरा मंदावलंय. ते किती सोसेल, मला सांगता येत नाही."

"आणि तसंच राहू दिलं तर?"

"तीन वर्षं सकाळचा वास सुरू राहील. दुखणं परत येण्याची शक्यता फार कमी. पण तोवर बाळापासून लांब राहायचं. लेकरांचा वास वाढत्या अंगाबरोबर बदलतो. तीन वर्षांनी कदाचित तुमचं शरीर तिला ओळखणारही नाही."

कदाचित ओळखणार नाही. डॉक्टरांनी ते आशेचं म्हणून सांगितलं होतं.

*

घरी आम्ही तिघंही भांडलो. स्वरांजली म्हणाली, विसर-उपचार घेणार, पुढच्या आठवड्यापासून. मी म्हटलं, जिवावर उदार व्हायला ही काय लढाई आहे?

"आत्ती, ती रांगेल, चालेल, बोलेल. तुम्हाला आई म्हणेल."

"म्हणू दे. तू जिवंत राहून ऐक."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला."

"मला सगळंच सोपं असतं. नवरा गेला तेव्हाही गावाला तसंच वाटलं होतं."

"आई," धैर्यशील मध्ये पडला. आयुष्यात पहिल्यांदा मला आवाज चढवून बोलला. "अंग तिचं आहे. तिला ठरवू दे."

मी भट्टीवर निघून गेले.

आम्ही मध्यंतरी मुखवटाही करून बघितला होता. नाक-तोंड बंद, मागं हवा गाळायची डबी. त्यातून ती रेवाकडं गेली तर रेवानं किंचाळून घर डोक्यावर घेतलं. तोंड नसलेली ती कोण बाई, तिला काय कळणार? दुसऱ्या वेळी पोरीनं मुखवटाच ओढून काढला. नाक बधिर करता येत होतं, पण मग सकाळचा थेंब फुकट. सगळ्या वाटा चालून बघितल्या आम्ही.

त्या दुपारी मी घाणा काढून घरात आले, तर पाळणा रिकामा. स्वरांजली पाळण्याशेजारी जमिनीवर बसली होती. रेवा तिच्या छातीशी झोपलेली, आणि हिचं नाक तिच्या टाळूवर. ओठ पांढरे पडलेले, सगळं अंग घामानं भिजलेलं, पट्टी लाल. पुढ्यात बादली ठेवली होती. तयारीनं बसली होती.

"दे ती इकडं," मी म्हटलं.

"थांबा, आत्ती. थोडंच. मला सवय होईल. बघा, मघापेक्षा..."

वाक्य तिथंच राहिलं. तिची मान कलली आणि हात सुटले. रेवा डोक्याकडून खाली घसरली. मी कशी झेपावले मला आठवत नाही. माझ्या हातात तिचा एक पाय आला, आणि डोकं फरशीपासून वीतभर वर थांबलं.

शुद्धीवर आल्यावर स्वरांजलीनं पहिला प्रश्न विचारला, "पडली?"

"नाही," मी म्हटलं. "आज मी होते."

तिनं भिंतीकडं तोंड केलं. दिवेलागणीला उठून बसली आणि म्हणाली, "आत्ती, पॅकिंगची खोली मला द्याल?"

*

आमची पॅकिंगची खोली भट्टीच्या मागच्या अंगणाला लागून आहे. एक भिंत आख्खी काचेची. भडंग सादळू नये म्हणून आतली हवा यंत्रानं कोरडी करून, गाळून घेतलेली. बाहेरचा धूर, वास काही आत येत नाही. मी यंत्रं गोदामात हलवली आणि तिथं तिचा पलंग टाकला. तिच्याकडं जाताना मी बाहेरच्या न्हाणीत अंग धुऊन, कपडे बदलून जायची. तरी लसूण माझ्या हाडांत मुरलाय. पट्टी जराशी पिवळी व्हायचीच. ती म्हणायची, "या आत्ती, तुमच्यामुळं नुसतं मळमळतं." मी म्हणायची, "माझ्यामुळं सगळ्यांनाच मळमळतं, तुझं काय विशेष."

रेवा काचेच्या अलीकडच्या बाजूला वाढली. काचेला धरून उभी राहिली, काचेच्याच कडेनं पहिली पावलं टाकली. आतल्या बाजूनं स्वरांजली गुडघ्यांवर तिच्याबरोबर चालायची, तळव्याला तळवा लावून. काचेवर दोघींचे डाग पडायचे. बाहेरचे मी पुसायची नाही.

एका सकाळी रेवाला भूक लागली. ती माझ्या लुगड्याला झोंबली आणि स्वच्छ म्हणाली, "आई."

आतबाहेर बोलायला काचेशेजारी लावलेला फोन सुरू होता. आत स्वरांजलीनं ऐकलं. ती हसली, टाळ्याही वाजवल्या. मग पलीकडं वळून पलंगाची चादर नीट करायला लागली. चादर नीटच होती.

"आजी म्हण," मी पोरीला दटावलं.

"आई."

त्या दिवसापासून मी एक रीत पाडली. रेवाला काहीही पाहिजे असलं, दूध, गूळ, बाहेर जायचं, तरी मी हात वर करून सांगायची, "मला नाही माहीत. आत तुझी आई आहे, तिला विचार. ती हो म्हणाली तर देते." पोरगी तुरुतुरु जाऊन काचेवर टकटक करायची. आतून हो यायचं, नाही यायचं. नाही आलं तर मी देत नव्हते, मग ती कितीही लोळू दे. मी माझ्या सासूचीही कधी परवानगी मागितली नव्हती. गिऱ्हाइकं बघायची आणि म्हणायची, शालनकाकू सुनेला विचारल्याशिवाय पोरीला गुळाचा खडा देत नाहीत, कलियुग संपलं. मी म्हणायची, पाव किलो घेणार का अर्धा, तेवढं बोला.

रेवा मला आई म्हणायचीच. स्वरांजलीला काचेतली आई म्हणायची. मी ते बदलू शकले नाही.

*

तीन वर्षं झाली. मुजावर डॉक्टरांनी रेवाचा फ्रॉक बरणीतून स्वरांजलीच्या नाकाखाली धरला. आम्ही सगळे पट्टीकडं बघत होतो. पट्टी हिरवी. पुन्हा धरला. हिरवीच. सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या हातानं तिच्या मनगटावरची पट्टी कापून काढली, आणि टोपडं असलेली ती जुनी बरणी कपाटातून काढून आमच्याकडं दिली. म्हणाल्या, "हे तुमचंच आहे. आता एखाद्या श्वासानं धोका नाही. पण याला शरीर विसरलेलं नसणार. उलटी होईल, अंग तापेल. शक्यतो उघडू नका."

घरी आल्यावर रेवाला मी अंगणात आणलं. स्वरांजली काचेच्या अलीकडं, उन्हात उभी. केस खांद्यापर्यंत आलेले. रेवा तिच्यासमोर थांबली, वर बघितलं, आणि मग हात उचलून तिच्या पोटावर बोटांनी टकटक केली. काचेवर करायची तशी.

"हो," स्वरांजली म्हणाली. "काय पाहिजे तुला? हो."

रेवाला काही नको होतं. ती मऊ लागल्यानं दचकली आणि माझ्यामागं येऊन लपली.

"जा," मी म्हटलं. "तुझी आई आहे ती. मी आजी. म्हातारी दिसत नाही व्हय मी तुला?"

न्हाणीत पाणी काढून मी स्वरांजलीला पाटावर बसवलं. "पाय लांब कर. घाल आंघोळ. कधीची राहिलीय तुझी." तिनं पाय पसरले आणि मी रेवाला त्यांवर आडवी केली, तान्ह्या लेकराला करतात तशी. पोरगी खिदळायला लागली. तिचं डोकं मांडीवर होतं, आणि टाचा हिच्या पावलांच्या पलीकडं जाऊन फरशीवर टेकल्या होत्या.

स्वरांजली हातात तांब्या घेऊन तशीच बसली. "आत्ती," ती म्हणाली, "ही मावतच नाही."

मग रेवा उठून उभी राहिली आणि आपली आपण अंगावर पाणी घ्यायला लागली. येत होतं तिला. मीच शिकवलं होतं.

दुपारी पोरगी झोपल्यावर स्वरांजली माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "बरणी कुठाय?"

"भट्टीत घातली."

"आत्ती."

"कशाला पाहिजे ती? आत आख्खी पोरगी झोपलीय. घे की तिचा वास, किती घ्यायचा तेवढा."

"घेतला. मघाशी शेजारी पडले होते तिच्या. चांगला आहे. पण मी ओळखत नाही तिला. आणि ती मला. जिला मी ओळखत होते, ती त्या बरणीतच राहिलीय."

मी फडताळाच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं ठेवलेली बरणी काढली. येताना चुलीशेजारचं मोठं पातेलं घेतलं. दोघी भट्टीमागच्या अंगणात बसलो. काचेवर खालच्या बाजूला रेवाच्या हातांचे डाग अजून होते.

"उघड," मी म्हटलं. "मी धरते."

तिनं झाकण फिरवलं. टोपडं बाहेर काढलं नाही, बरणीतच तोंड घातलं आणि लांब श्वास घेतला. मला वाटलं, इतक्या वर्षांत उडूनच गेला असेल वास. क्षणभर काहीच झालं नाही. तिच्या तोंडावर जी भीती आली, ती मी कॅन्सर कळला त्या दिवशीही बघितली नव्हती.

मग तिचे खांदे हादरले. कपाळावर घाम फुटला. ती पातेल्यावर वाकली आणि पोटातलं सगळं आलं, पुन्हा आलं. मी एका हातानं पातेलं धरलं आणि दुसऱ्या हातानं तिचे केस मागं.

"आहे," मधेच मान वर करून ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आत्ती, अजून आहे."

"आहे गं," मी म्हटलं. "कुठं जातीय."

ती पुन्हा वाकली. बरणी तिच्या मांडीवरनं मी काढून घेतली आणि झाकण लावलं. घट्ट. भडंगाच्या बरणीला लावते तसं, सादळू नये म्हणून.